दाण्याचे दोन वारसे : भाताच्या बियाण्यातील केंद्रक आणि तंतुकणिका

दुर्ग-भिलाईच्या परिसरात दिवाळीच्या आगेमागे भाताची कापणी सुरू होते. पेंढ्या खळ्यावर येतात, मळणी होते आणि सुपातून धान्य वाऱ्यावर सोडले जाते. भरलेला दाणा पायाशी पडतो, न भरलेला वाऱ्याबरोबर दूर जातो. या पोकळ दाण्याला छत्तीसगढीत 'बदरा' म्हणतात. कोकणातील शेतकरी त्यालाच 'पळिंज' म्हणतो. बाहेरून पाहता दोन्ही दाणे सारखेच दिसतात. तूस तेच, रंग तोच, लांबीही तीच. एकात तांदूळ असतो आणि दुसऱ्यात नसतो, एवढाच काय तो भेद. पण शेतकऱ्याचे वर्षभराचे भवितव्य याच भेदावर अवलंबून असते.

दाणा का भरत नाही, या प्रश्नाची काही उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत. ऐन फुलोऱ्यात पावसाने ओढ दिली, कीड पडली, रोग आला, की लोंबी पोचट राहते. परंतु पाणी वेळेवर मिळाले, खत दिले, कीडही नव्हती, आणि तरीही दाणा भरला नाही, असे घडू शकते. अशा वेळी कारण शेतात नसून पेशीच्या आत असते. वनस्पतीच्या प्रत्येक पेशीत आनुवंशिकतेचे दोन निरनिराळे वारसे एकत्र नांदत असतात, आणि त्यांचे परस्परांशी जुळले तरच दाण्यात तांदूळ तयार होतो. हे जुळणे म्हणजे काय, ते कोठे बिघडते, आणि त्या बिघाडाचाच उपयोग करून आधुनिक संकरित बियाणे कसे निर्माण झाले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

बीज आणि क्षेत्र

अपत्यावर अधिकार कोणाचा, बीजाचा की क्षेत्राचा, हा वाद आपल्या परंपरेत फार जुना आहे. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात त्याची सविस्तर चर्चा आढळते. तेथे पुरुषाला बीज आणि स्त्रीला क्षेत्र मानले आहे, आणि पेरावे तेच उगवते या शेतीतील अनुभवाचा दाखला देऊन बीजाचे श्रेष्ठत्व सांगितले आहे. हीच कल्पना ग्रीक साहित्यातही भेटते. ख्रिस्तपूर्व ४५८ मध्ये सादर झालेल्या ईस्किलसच्या नाट्यत्रयीतील शेवटच्या नाटकात अपोलो न्यायासनासमोर असा युक्तिवाद करतो, की माता ही खऱ्या अर्थाने जननी नसून केवळ पेरलेल्या बीजाचे पोषण करणारी आहे. भूगोल आणि भाषा इतक्या दूरच्या असूनही दोन्ही ठिकाणी गृहीत एकच आहे : वारसा देते ते बीज, आणि क्षेत्र देते ते केवळ पोषण.

ज्या शेतीच्या अनुभवावर हे रूपक उभे राहिले त्या शेतीनेच पुढे ते खोटे ठरविले. फुलातील परागाला 'बीज' मानले, तर अंडपेशी हे निव्वळ क्षेत्र नव्हे. पराग आपले केंद्रक घेऊन येतो. अंडपेशीही आपले केंद्रक देते. येथपर्यंत दोघांचा वाटा समान असतो. परंतु अंडपेशी याखेरीज आपले पेशीद्रवही देते, आणि या पेशीद्रवात स्वतःची जनुके बाळगणारी काही सूक्ष्म अंगे असतात. हा दुसरा वारसा वनस्पतींत बहुतांशी केवळ मातेकडून येतो. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कोरेन्स व एर्विन बाऊर यांनी १९०९ साली पानांच्या रंगाचा अभ्यास करताना पेशीद्रवातून चालणाऱ्या वारशाची उदाहरणे दाखवून दिली, आणि मेंडेलच्या नियमांत न बसणारे आनुवंशिकतेचे एक स्वतंत्र दालन उघडले.

पेशीतील भट्टी

या सूक्ष्म अंगांपैकी मायटोकाँड्रिया, म्हणजेच तंतुकणिका, आपल्या विषयाच्या केंद्रस्थानी आहेत. अन्नातील शर्करेचे ज्वलन करून पेशीला वापरता येईल अशी ऊर्जा निर्माण करणे हे त्यांचे मुख्य कार्य होय. भिलाईच्या वाचकाला याचे स्पष्टीकरण करण्यासाठी दूर जावे लागत नाही. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन झाले. तेव्हापासून तांदुला जलाशयाचे पाणी जसे आसपासच्या भातखाचरांना मिळते, तसेच ते पोलाद कारखान्यालाही पुरविले जाते. भट्टी आणि भात यांचे हे सान्निध्य पेशीतही आहे. भेद इतकाच, की पेशीतील भट्टी मंद आचेवर, टप्प्याटप्प्याने आणि पाण्याच्या सान्निध्यात जळते.

तंतुकणिका मूळच्या या घरच्या नव्हेत. दीड अब्जाहून अधिक वर्षांपूर्वी एका स्वतंत्र जीवाणूने दुसऱ्या पेशीत आश्रय घेतला आणि तो तेथेच स्थायिक झाला, हे आता सर्वमान्य आहे. अमेरिकन संशोधिका लिन मार्ग्युलिस यांनी १९६७ साली ही कल्पना नव्या पुराव्यांनिशी मांडली होती. या पाहुण्याने आपल्यासोबत आपली जनुकेही आणली होती. कालांतराने त्यांतील बहुतेक जनुके यजमानाच्या केंद्रकात स्थलांतरित झाली वा नष्ट झाली. थोडी मात्र तंतुकणिकेतच राहिली. माणसाच्या तंतुकणिकेतील डीएनए १६,५६९ अक्षरांचा आहे. जपानी भाताच्या एका जातीच्या तंतुकणिकेचा संपूर्ण आराखडा २००२ साली प्रसिद्ध झाला, तो ४,९०,५२० अक्षरांचा भरला. एवढा विस्तार असूनही त्यात ज्ञात प्रथिनांची जनुके जेमतेम ३५ आहेत. भाताच्या केंद्रकातील जनुकांची संख्या २००५ साली सुमारे ३७,५०० अंदाजण्यात आली होती.

या दोन आकड्यांतील तफावत हेच या विषयाचे मर्म आहे. तंतुकणिकेला आपले काम करण्यासाठी हजारांहून अधिक प्रथिने लागतात. त्यांतील मूठभरच ती स्वतः तयार करते; उरलेली सर्व केंद्रकाच्या आज्ञेने पेशीद्रवात तयार होऊन तिच्यात प्रवेश करतात. श्वसनसाखळीतील कित्येक यंत्रे तर अशी आहेत, की त्यांचे काही सुटे भाग तंतुकणिकेच्या जनुकांपासून आणि उरलेले केंद्रकाच्या जनुकांपासून घडतात. हे भाग एकमेकांत अचूक बसले नाहीत, तर यंत्र चालत नाही.

केंद्रकाची देखरेख आणि दाण्याची भरण

केंद्रकाचे नियंत्रण प्रथिने पुरविण्यापुरतेच मर्यादित नाही. वनस्पतींच्या तंतुकणिकेतील जनुकांचा मजकूर जसाच्या तसा वापरता येत नाही, ही एक मोठी विलक्षण गोष्ट आहे. जनुकावरून आरएनएची प्रत निघते. त्या प्रतीत ठिकठिकाणी 'सी' या अक्षराच्या जागी 'यू' हे अक्षर घालावे लागते, आणि त्यानंतरच त्या प्रतीतून योग्य प्रथिन तयार होते. वनस्पतींतील ही प्रक्रिया १९८९ साली उघडकीस आली. भाताच्या वर उल्लेखिलेल्या अभ्यासात अशा दुरुस्तीची ४९१ स्थाने आढळली. काही जनुकांचे तर निरनिराळे तुकडे दूरदूर पसरलेले असतात. त्यांच्या प्रती काढून त्या नंतर सांधाव्या लागतात. हस्तलिखितांच्या अभ्यासकाला ही स्थिती परिचित वाटेल. पोथी अशुद्ध आहे, पाने विस्कळीत आहेत, आणि तिच्यातून शुद्ध पाठ सिद्ध करणारा संपादक मात्र दुसऱ्या घरी राहतो.

हा संपादक केंद्रकात आहे. पीपीआर या संक्षिप्त नावाने ओळखला जाणारा प्रथिनांचा एक मोठा गट हे काम करतो. या प्रथिनांत सुमारे ३५ घटकांचा एक तुकडा पुन्हा पुन्हा येतो, आणि असा प्रत्येक तुकडा आरएनएवरील एकेक अक्षर ओळखतो. त्यामुळे प्रत्येक पीपीआर प्रथिन आपल्या नेमक्या जागी जाऊन बसू शकते. माणसात अशी प्रथिने केवळ ७ आहेत. भातात ती चारशेहून अधिक आहेत. एवढा मोठा संपादकवर्ग बाळगणे वनस्पतींना का आवश्यक झाले असावे, हे तंतुकणिकेतील मजकुराची अवस्था पाहता सहज ध्यानात येते.

यांतील एखादाच संपादक गैरहजर राहिला तर काय होते, याची उदाहरणे दाण्यातच स्पष्ट दिसतात. भाताच्या ओजीआर-१ या केंद्रकीय जनुकात बिघाड झाला, की तंतुकणिकेतील पाच जनुकांच्या प्रतींमधील सात ठिकाणच्या दुरुस्त्या राहून जातात, असे २००९ साली दाखविण्यात आले. अशा रोपाची वाढ खुंटते, बी उशिरा रुजते आणि तांदूळ पारदर्शक न होता अपारदर्शक राहतो. फ्लो-१० या दुसऱ्या जनुकाचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. श्वसनसाखळीच्या पहिल्या यंत्राचा एक भाग घडविणाऱ्या जनुकाच्या विखुरलेल्या प्रती सांधण्यासाठी हे जनुक आवश्यक असते. ते निकामी झाले तर दाण्याचा गाभा पिठूळ होतो. मक्यात तर अशा बिघाडाने दाणा पूर्णच रिकामा राहतो आणि कणसावर नुसते फलावरण उरते.

परिणाम प्रामुख्याने दाण्यातच का दिसावा? भात, ज्वारी, मका यांच्या दाण्यात भ्रूणाशेजारी भ्रूणपोष असतो; आपण तांदूळ म्हणून जे खातो ते मुख्यत्वे हेच. फलनाच्या वेळी परागातील एक पुंपेशी अंडपेशीशी आणि दुसरी मध्यपेशीशी संयोग पावते. पहिल्या संयोगातून भ्रूण आणि दुसऱ्यातून भ्रूणपोष निर्माण होतो. भ्रूणपोषाच्या केंद्रकात मातेचे दोन वाटे व पित्याचा एक असतो, आणि तंतुकणिका मात्र मातेच्याच असतात. फलनानंतर थोड्याच दिवसांत या ऊतकाला झपाट्याने विभाजन करून पिष्टाचा संचय करावा लागतो. ऊर्जेची इतकी निकड रोपाच्या आयुष्यात क्वचितच उद्‌भवते. पानात थोडीफार खपून जाणारी उणीव येथे खपत नाही. दाण्याची भरण ही एका अर्थी दोन्ही वारशांच्या सहकार्याची परीक्षाच होय.

बेबनाव : ज्वारीपासून भातापर्यंत

अशीच दुसरी परीक्षा परागकोशात होते. परागकण तयार होत असताना परागकोशातील सर्वांत आतला थर, ज्याला टॅपेटम म्हणतात, त्यांचे पोषण करतो. या थरालाही ऊर्जेची प्रचंड गरज असते. केंद्रक एका वंशाचे आणि पेशीद्रव दुसऱ्याच वंशाचे असले, तर पुष्कळदा रोप निकोप वाढते, फुलते, त्याचे स्त्रीकेसरही कार्यक्षम असतात. पण पराग मात्र वांझ निपजतो. यालाच पेशीद्रवीय नरवंध्यत्व म्हणतात.

मुंबई-हावडा लोहमार्गाने अकोला-वर्ध्याकडून निघालेला प्रवासी ज्वारी-कापसाचा प्रदेश ओलांडून भंडारा-गोंदियाच्या भातशेतीत शिरतो, आणि डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग या मार्गाने भिलाईला पोहोचतो. या बेबनावाचा इतिहासही ज्वारीकडूनच भाताकडे आला आहे. स्टीफन्स व हॉलंड या अमेरिकन संशोधकांनी १९५४ साली असे दाखविले, की मिलो ज्वारीच्या पेशीद्रवात काफिर ज्वारीचे केंद्रक आणले असता रोप नरवंध्य होते. मिलो स्वतः सुफल, काफिरही सुफल. दोष दोघांपैकी कोणाचाच नव्हता, तो त्यांच्या संयोगात होता. याच तत्त्वावर भारतातील पहिली संकरित ज्वारी 'सीएसएच-१' १९६४ साली प्रसारित झाली, आणि महाराष्ट्राच्या कोरडवाहू शेतीत नव्या पर्वाला आरंभ झाला.

भाताच्या बाबतीत मोठी अडचण होती. भाताचे फूल स्वतःच्याच परागाने फळते आणि प्रत्येक फुलातून एकच दाणा मिळतो. हाताने परागकोश काढून संकर करावयाचा म्हटले, तर एका खाचरापुरतेही बियाणे तयार होणार नाही. चीनमध्ये युआन लाँगपिंग आणि त्यांचे सहकारी नरवंध्य रोपाच्या शोधात होते. नोव्हेंबर १९७० मध्ये हैनान बेटावर त्यांच्या सहकाऱ्यांना वन्य भाताचे एक रोप आढळले. त्याचे पराग पुरते वाढलेच नव्हते. या एका रोपाचे पेशीद्रव पुढे जगभर पसरले. त्याला 'वन्य वंध्य' या अर्थाचे नाव मिळाले, आणि १९७६ पासून चीनमध्ये त्यावर आधारलेल्या संकरित भाताची मोठ्या प्रमाणावर लागवड सुरू झाली.

वन्य भात छत्तीसगढला अपरिचित नाही. तळ्यांच्या काठी आणि पाणथळ खड्ड्यांत न पेरता उगवणाऱ्या भाताला येथे 'पसहर' म्हणतात. उत्तरेकडील गणनेनुसार भाद्रपद कृष्ण षष्ठीला, म्हणजे आपल्या श्रावण वद्य षष्ठीला, येथे कमरछठचा उपवास असतो. मुलांच्या क्षेमासाठी माता हा उपवास करतात, आणि त्या दिवशी नांगराने पिकविलेले धान्य वर्ज्य असल्यामुळे पसहराचा भात खातात. जे वन्य भात एरवी शेतकरी तण म्हणून उपटून टाकतो, त्याच्याच आप्तांपैकी एका रोपाने मातेकडून चालणाऱ्या वारशाद्वारे जगाच्या भातशेतीचे स्वरूप बदलून टाकले.

बिघाड आणि त्यावरील उतारा

त्या वन्य रोपाच्या तंतुकणिकेत नेमके काय होते, याचे उत्तर २०१३ साली मिळाले. तेथे निरनिराळ्या तुकड्यांच्या जुळणीतून एक नवेच जनुक तयार झालेले आहे. त्यापासून ३५२ घटकांचे एक प्रथिन निर्माण होते, म्हणून त्याला डब्ल्यूए-३५२ असे नाव देण्यात आले. हे प्रथिन परागकोशाच्या पोषक थरात साठते आणि केंद्रकाकडून आलेल्या कॉक्स-११ या प्रथिनाला जाऊन चिकटते. कॉक्स-११ चे काम त्यामुळे अडते, पेशीत दाहक ऑक्सिजन-संयुगे वाढतात, आणि पोषक थर वेळेआधीच मरून जातो. ज्याने परागाला पोसावयाचे तोच अकाली गेल्यामुळे पराग उपाशी राहतो. भट्टीतील दोन सुटे भाग एकमेकांत अडकले, असे याचे साधे वर्णन करता येईल.

परंतु केंद्रकात यावर उताराही आहे. फलनक्षमता परत मिळवून देणाऱ्या जनुकांना पुनःस्थापक जनुके म्हणतात. वन्य वंध्य पेशीद्रवासाठी अशी दोन प्रमुख जनुके ज्ञात आहेत : पहिल्या गुणसूत्रावरील आरएफ-३ आणि दहाव्या गुणसूत्रावरील आरएफ-४. त्यांपैकी आरएफ-४ हे पीपीआर गटातीलच एक प्रथिन घडविते, असे २०१४ साली सिद्ध झाले. ते त्या उपद्रवी जनुकाच्या प्रतींचे प्रमाण घटविते; आरएफ-३ असले तर प्रती निघतात, पण त्यांपासून होणारे प्रथिन घटते. जो संपादकवर्ग तंतुकणिकेचा पाठ शुद्ध करतो, त्यातीलच काहींनी प्रक्षिप्त मजकूर दाबून टाकण्याचे काम पत्करले, असे म्हणता येईल.

संकरित भाताचे बियाणे तीन वाणांच्या साहाय्याने तयार होते. पहिला वाण नरवंध्य असतो. त्याच्यात वन्य वंध्य पेशीद्रव असते आणि पुनःस्थापक जनुके नसतात. दुसऱ्याचे केंद्रक पहिल्यासारखेच, पण पेशीद्रव निर्दोष असते. त्याच्या परागाने पहिला वाण पिढ्यान्‌पिढ्या टिकविला जातो. तिसरा वाण पुनःस्थापक जनुके बाळगणारा असतो. पहिल्याचा व तिसऱ्याचा संकर करून जे बी मिळते ते शेतकऱ्याला विकले जाते. कांद्यात पुनःस्थापनाचा प्रश्न उद्‌भवत नाही, कारण तेथे पीक गड्ड्याचे असते. भातात दाणा हेच पीक असल्यामुळे तिसऱ्या वाणाचे महत्त्व सर्वाधिक होय. त्याने दिलेली जनुके दुबळी निघाली, तर शेतकऱ्याच्या हाती बदराच येणार.

महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील कर्जतच्या संशोधन केंद्राने विकसित केलेला 'सह्याद्री' हा संकरित भात १९९८ साली प्रसारित झाला. त्याची माता आयआर ५८०२५ए ही फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत तयार झालेली वन्य वंध्य पेशीद्रवाची नरवंध्य जात होय. म्हणजे कर्जतच्या खाचरात डोलणाऱ्या लोंबीतील तंतुकणिकेचे आजोळ हैनान बेटावर आहे.

राखून ठेवलेल्या बियाण्याचा प्रश्न

येथवरचे विवेचन शास्त्रीय कुतूहलापुरते मर्यादित वाटेल. पण त्याचा एक परिणाम थेट शेतकऱ्याच्या कणगीशी निगडित आहे. संकरित पिकातील उत्तम दाणे राखून पुढच्या वर्षी पेरले तर काय होईल? पेशीद्रव मातेकडून येते, म्हणून प्रत्येक रोपात वंध्यत्वाचे ते जनुक असणारच. पुनःस्थापक जनुके मात्र केंद्रकात असल्यामुळे मेंडेलच्या नियमांनी विभागली जातात. संकरित रोपात आरएफ-३ व आरएफ-४ यांची एकेक प्रत धरली, तर पुढच्या पिढीत सरासरी १६ रोपांमागे १ रोप असे निघेल, की ज्याला दोहोंपैकी एकही जनुक मिळालेले नाही. त्याचा पराग वांझ निघतो. ज्यांना एखादेच जनुक मिळाले, त्यांच्यातील काहींचे परागही अर्धवट वांझ राहू शकतात. शेजारच्या रोपांच्या परागाने यांतील काही दाणे भरतीलही; परंतु पीक उंचीला, पक्वतेला आणि दाण्याला एकसारखे राहत नाही, आणि संकराचा जोमही ओसरतो.

पीक वाणांचे संरक्षण व शेतकऱ्यांचे हक्क यांसंबंधीच्या २००१ च्या कायद्याने भारतीय शेतकऱ्याला आपल्या पिकाचे बी राखण्याचा, पेरण्याचा व देवाणघेवाण करण्याचा हक्क दिला आहे. संकरित वाणाच्या बाबतीत हा हक्क कागदावर अबाधित राहतो, पण प्रत्यक्षात उपयोगी पडत नाही. दरवर्षी बाजारातून बी घेणे भाग पडते. अधिक उत्पन्न व बियाण्यावरील स्वामित्व यांची ही अदलाबदल ज्याने त्याने आपल्या परिस्थितीनुसार तोलून पाहावयाची आहे. मात्र ती करताना बियाण्याच्या आत काय चालते याचे ज्ञान शेतकऱ्याला असणे न्याय्य ठरेल.

दुसरा प्रश्न एकाच पेशीद्रवावर विसंबण्याचा आहे. अमेरिकेत १९७० साली याचा कटू अनुभव आला. त्या वेळी तेथील सुमारे ८५ टक्के मका टेक्सास पेशीद्रवाचा होता. त्याच्या तंतुकणिकेतील ज्या जनुकामुळे नरवंध्यत्व येत असे, त्याच जनुकाचे प्रथिन पानांवरील करपा रोगाच्या एका नव्या बुरशीच्या विषाला बळी पडत होते. त्या एका हंगामात देशाच्या मक्याचे सुमारे १५ टक्के उत्पादन बुडाले. भारतात सत्तरीच्या दशकात संकरित बाजरीवर केवडा रोगाने अशीच आपत्ती आणली. परंतु तेथे दोष पेशीद्रवाचा नव्हता, तर अल्पशा वाणांच्या केंद्रकांत रोगप्रतिकारशक्ती नसण्याचा होता, असे पुढील अभ्यासांतून दिसून आले. दोन्ही उदाहरणांचा बोध मात्र सारखाच आहे : वारसा केंद्रकाचा असो वा तंतुकणिकेचा, तो सर्वत्र एकच असणे धोक्याचे ठरते. वन्य वंध्य पेशीद्रवावर आजवर तसे संकट आलेले नाही. तथापि संकरित भाताचा फार मोठा भाग अद्यापि त्याच्यावरच उभा आहे.

रायपूरचा ठेवा

भिलाईपासून अवघ्या काही कोसांवरील रायपूरला या प्रश्नाशी संबंधित एक मोठा ठेवा आहे. कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे माजी संचालक डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात तेव्हाच्या मध्य प्रदेशातून, विशेषतः छत्तीसगढच्या गावोगावांतून आणि आदिवासी पाड्यांतून, भाताचे १९ हजारांवर नमुने गोळा केले. परदेशी वाणांचा सरसकट स्वीकार करण्याऐवजी स्थानिक वाणांतूनच उत्पादन वाढवावे, हा त्यांचा आग्रह होता, आणि त्यासाठी त्यांनी अधिकारपदाचीही किंमत मोजली. आज हा संग्रह इंदिरा गांधी कृषी विद्यापीठाकडे आहे, व त्यातील नमुन्यांची संख्या २३ हजारांवर गेली आहे. २००२ साली एका बहुराष्ट्रीय कंपनीशी होऊ घातलेला सहकार्याचा करार या संग्रहाच्या भवितव्याविषयी लोकांत उमटलेल्या तीव्र प्रतिक्रियेमुळे बारगळला.

या संग्रहाकडे पाहण्याची एक दृष्टी वरील विवेचनातून लाभते. वाणसुधारक जेव्हा एखाद्या गावरान भाताचा केवळ पराग वापरतो, तेव्हा तो त्याच्या केंद्रकाचा अर्धा वाटा उचलतो. त्याच्या तंतुकणिका मागेच राहतात. उलट गावरान भाताला माता करून नव्या वाणाच्या परागाने सहा वेळा पुनःपुन्हा संकर केला, तर मूळ केंद्रकाचा एक टक्क्याहूनही कमी अंश उरतो, आणि पेशीद्रव मात्र पूर्णपणे गावरानच राहते. दोन्ही वारसे एकत्र व परस्परांशी जुळलेल्या स्थितीत केवळ त्या वाणाच्या बियाण्यातच सापडतात. ते जुळणे एखाद्या पाड्यावरच्या शेकडो हंगामांत, तेथील पाण्याच्या ताणात आणि तेथील मातीत पारखले गेले आहे. दरवर्षी लोंबी पाहून बी राखणाऱ्या स्त्री-पुरुषांना तंतुकणिका हे नाव ठाऊक नव्हते; परंतु पोचट लोंबी टाकून भरलेली लोंबी उचलताना ते नेमकी याच जुळणीची निवड करीत होते.

भारतीय भाताच्या पुष्कळ वाणांत पुनःस्थापक जनुके मुळातच आढळतात. किंबहुना म्हणूनच संकरित भाताला येथे पित्याची वाण पडली नाही. नव्या पेशीद्रवांचा शोध घ्यावयाचा, वा वन्य वंध्य पेशीद्रवावर कधी संकट आले तर पर्याय उभा करावयाचा, तर तो अशाच संग्रहांतून करावा लागेल. त्यासाठी प्रत्येक नमुन्याच्या नोंदीत उंची, पक्वता आणि दाण्याचा आकार यांच्याबरोबरच त्याच्या तंतुकणिकेची व पुनःस्थापक जनुकांची माहिती असणे अगत्याचे आहे.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी. शीतगृहात ठेवलेले बी कायमचे जिवंत राहत नाही. दाण्यातील भ्रूणाची तंतुकणिकाही कालांतराने जीर्ण होते आणि रुजण्याची शक्ती क्षीण होत जाते. म्हणून काही वर्षांनी प्रत्येक नमुना खाचरात पेरावा लागतो, त्याची लोंबी पोसावी लागते आणि नवे बी भरून ठेवावे लागते. २३ हजार वाणांच्या बाबतीत हे काम किती मोठे आहे, त्यासाठी किती जमीन, किती मजूर आणि किती चिकाटी लागते, याची कल्पना भातशेती पाहिलेल्या कोणालाही येईल. ज्या वर्षी ते राहून जाईल, त्या वर्षी त्या डब्यातील दाणा बाहेरून पूर्वीसारखाच दिसेल. पेरल्यावर मात्र तो उगवणार नाही.